एका शनिवारपुरते

दिवाळी सरत आली की घरातल्या उजेडाचा रंग बदलतो. आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, पण एखाद्या संध्याकाळी त्यातला दिवा लावायचे राहून जाते. फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरतो, दिवाळी अंकांच्या चळतीत वाचून झालेले खाली आणि राहिलेले वर अशी मांडणी आपोआप होत जाते, आणि तुळशीच्या लग्नाची वाट पाहत कार्तिक हलकेच थंडीकडे झुकतो. हा काळ जमाखर्चाचा. पाडव्याला दुकानातल्या वह्या नव्या झालेल्या असतात आणि आपणही, कुणाला न सांगता, सरलेल्या वर्षात हातून काय झाले आणि काय निसटले याची चाचपणी करत असतो. नेमका याच दिवसांत, कोणत्याही दिनदर्शिकेने दखल न घेतलेला एक दिवस येऊन जातो. तो म्हणजे १३ नोव्हेंबर.

१९७१ साली त्या तारखेला शनिवार होता. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने त्या रात्री आपल्या साप्ताहिक चित्रपटांच्या मालिकेत ‘ड्युएल’ नावाचा एक थरारपट दाखवला. जाहिरातींसकट दीड तासाची जागा, म्हणजे जाहिराती वगळून ७४ मिनिटे. असे चित्रपट तेव्हा अमेरिकेत आठवड्याच्या रतिबासारखे घातले जात. खास दूरचित्रवाणीसाठी करायचे, एकदा दाखवायचे, फार तर उन्हाळ्यात पुन्हा एकदा, आणि मग डबे गोदामात. त्या रतिबातल्या बहुतेकांची नावे आज त्यांच्या निर्मात्यांच्या वारसांनाही आठवत नसतील. ‘ड्युएल’ मात्र अर्धशतक उलटून गेले तरी पाहिला जातो, शिकवला जातो, आणि तो कसा झाला याच्या गोष्टी मागच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे हातोहात पोचवल्या जातात. त्याचा दिग्दर्शक २४ वर्षांचा होता आणि त्याचे नाव स्टीव्हन स्पीलबर्ग होते, हे त्याचे एक कारण. पण तेवढेच कारण आहे असे आपल्याला वाटत नाही.

मुंबईत दूरदर्शन आले ते पुढल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यामुळे त्या शनिवारी रात्री आपल्याकडच्या घराघरांत हा चित्रपट दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्यापर्यंत तो पोचला तो फार नंतर, कुणाला कॅसेटवर, कुणाला तबकडीवर, कुणाला चित्रपट मंडळाच्या खेळात. तरीही पहिल्यांदा पाहताना तो परका वाटत नाही, कारण त्याचे सगळे कथानक एका रस्त्यावर घडते आणि रस्ता आपल्याला चांगला ठाऊक आहे. डेव्हिड मॅन नावाचा एक मध्यमवयीन विक्री प्रतिनिधी आपल्या लाल मोटारीतून कामाला निघतो. वाटेत एक मळकट, धूर ओकणारा टँकर पुढे रेंगाळत असतो. मॅन त्याला मागे टाकतो. एवढ्याशा गोष्टीवरून तो टँकर दिवसभर त्याच्या जिवावर उठतो. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. चालकाचा चेहराही दिसत नाही. दिसतात ते त्याचे बूट आणि खिडकीबाहेर आलेला एक हात.

त्या हातापाशी आपण जरा थांबू या. कसारा घाटात, खंबाटकीला किंवा आंबा घाटाच्या वळणांवर पुढच्या ट्रकचालकाचा असा हात बाहेर येताना आपण किती वेळा पाहिला असेल! दंड खिडकीवर टेकलेला, मनगट आळसावून हलणारे, आणि अर्थ एकच, समोरून काही येत नाही, जा पुढे. मागच्या गाडीत कोण बसले आहे हे त्या चालकाला ठाऊक नसते, आपल्यालाही त्याचे नाव ठाऊक नसते. पण त्या हातावर भरवसा ठेवून आपण गाडी उजवीकडे काढतो, गाडीत आई असते, मुले असतात, आणि पुढे गेल्यावर हॉर्नचा एक छोटासा आभार मागे सोडून निघून जातो. रस्त्यावरचा हा अलिखित करार इतका सवयीचा आहे की त्यात काही थोर आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ‘ड्युएल’मध्ये तोच हात बाहेर येतो, तसाच हलतो, मॅन निर्धास्तपणे पुढे निघतो आणि समोरून येणारी गाडी त्याच्यावर आदळता आदळता वाचते. आपल्या अंगावर काटा येतो तो तिथे. पुढचे पाठलाग, धडका, घसरणी हे सगळे त्या एका हाताच्या विश्वासघाताचे व्याज आहे. मुद्दल त्या क्षणी बुडालेले असते.

ही गोष्ट सुचली कशी, तेही सांगण्यासारखे आहे. लेखक रिचर्ड मॅथेसन हे तोवर नावाजलेले होते. ‘आय ॲम लेजंड’ ही कादंबरी आणि ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेतल्या अनेक कथा त्यांच्या नावावर होत्या. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ते आणि त्यांचे लेखकमित्र जेरी सोल गोल्फ खेळायला गेले असताना अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी आली. खेळ अर्धवट टाकून सुन्न मनाने दोघे घरी निघाले, आणि डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर एक ट्रक विनाकारण त्यांच्या गाडीच्या अगदी मागे लागला. जीव मुठीत धरून त्यांनी गाडी कशीबशी रस्त्याबाहेर काढली. एक सबंध देश हादरलेला असताना दोन माणसांच्या वाट्याला आलेला हा खाजगी हादरा. मॅथेसन यांनी कल्पना तिथल्या तिथे टिपून ठेवली. वेगवेगळ्या मालिकांच्या निर्मात्यांना ती ऐकवली, तेव्हा एवढ्याशा गोष्टीवर काही उभे राहणार नाही असे उत्तर त्यांना मिळत गेले. शेवटी त्यांनी तिची कथा लिहिली, आणि ती छापून आली एप्रिल १९७१ मध्ये, ‘प्लेबॉय’ मासिकात. म्हणजे बी पडले आणि साडेसात वर्षांनी कोंब आला. दिवाळी अंकासाठी कथा मागणाऱ्या संपादकांना आणि ती ऐन घटस्थापनेला पाठवणाऱ्या लेखकांना हा हिशेब धीर देईल की अस्वस्थ करेल, सांगता येत नाही.

कथा छापून आली एप्रिलमध्ये आणि चित्रपट पडद्यावर आला नोव्हेंबरमध्ये. स्पीलबर्ग यांच्या कार्यालयातल्या मदतनीस बाईंनी ते मासिक त्यांच्यासमोर ठेवले. अशा मासिकातली कथा एका बाईंनी तरुण साहेबाला वाचायला द्यावी यातला मिश्कीलपणा आपण नोंदवू आणि पुढे जाऊ. निर्माते जॉर्ज एक्स्टाइन यांच्याकडे पटकथा होती, तीही मॅथेसन यांचीच. युनिव्हर्सल स्टुडिओने अट घातली दहा दिवसांची. दहा दिवसांत हे जमायचे तर मोटार स्टुडिओत उभी करावी, मागे पडद्यावर पळता रस्ता दाखवावा आणि नटाने नुसते चाक हलवावे, असा व्यवहारी सल्ला होता. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या नायक-नायिका अशाच जागच्या जागी बसून खंडाळ्याला जाऊन आल्या आहेत, तेव्हा या पद्धतीला आपण नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या पोराने हट्ट धरला. रस्ता खरा, ऊन खरे, धूळ खरी. दहाचे बारा-तेरा दिवस झाले, पण काम झाले लॉस एंजलिसच्या उत्तरेला सोलेदाद कॅन्यन आणि अॅक्टन, आग्वा दुल्से या गावांच्या आसपासच्या, उन्हाने रापलेल्या रस्त्यांवर.

या हट्टामागे नुसता जोश असता तर तो तिसऱ्या दिवशी फसला असता. त्यामागे तयारी होती, आणि पडद्यामागच्या गोष्टींतला आपला सर्वांत आवडता तपशील तो आहे. स्पीलबर्ग यांनी सगळ्या रस्त्याचा, वरून पाहिल्यासारखा, एक लांबच लांब नकाशा रंगवून घेतला होता. कुठे वळण, कुठे टेकडी, कुठे टँकर मागे, कुठे पुढे, कॅमेरा कुठे. तो पट त्यांनी मुक्कामाच्या मोटेलमधल्या खोलीच्या भिंतींवर चारी बाजूंनी लावला. रात्री झोपताना ते त्या रस्त्याच्या मध्यभागी झोपत असत असे म्हणायला हरकत नाही. दिवसाचे काम झाले की तेवढा तुकडा खोडून टाकायचा. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी मुक्कामामागून मुक्काम मागे टाकतो, तसा हा रस्ता भिंतीवरून रोज थोडा थोडा मागे पडत गेला. प्रत्यक्ष चित्रणातही तीच काटकसर होती. रस्त्याच्या कडेला अंतराअंतरावर चार-पाच कॅमेरे लावायचे, दोन्ही वाहने त्यांच्यासमोरून एका दमात न्यायची, मग कॅमेऱ्यांची तोंडे फिरवून वाहने उलट दिशेने आणायची. एका धावेत अनेक दृश्ये पदरात. ‘बुलिट’ चित्रपटासाठी बनवलेली, जमिनीला जवळजवळ टेकून कॅमेरा नेणारी एक खास मोटार त्यांनी मागवली, आणि वाहने डोंगरकड्याच्या अंगाने पळवली, म्हणजे मागचा खडक झपाझप सरकतो आणि बेताचा वेगही भन्नाट वाटतो.

टँकरची निवड तर एखाद्या नटाच्या निवडीसारखी झाली. काही ट्रक रांगेत उभे करण्यात आले आणि स्पीलबर्ग त्यांच्यासमोरून फिरले. बाकीचे नाकाड सपाट असलेले, आधुनिक घडणीचे. एकच, १९५५ सालचा पीटरबिल्ट, पुढे आलेल्या लांब नाकाचा. वर काचेचे दोन कप्पे म्हणजे डोळे, खाली जाळी म्हणजे जबडा. याला चेहरा आहे, असे म्हणून तो पसंत झाला. मग रंगभूषा. तेल, वंगण, चिखल, काचेवर मेलेले किडे. पुढच्या बंपरवर निरनिराळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा ठोकल्या. पाहणाऱ्याने हवे तर समजावे की हे मागच्या शिकारींचे अवशेष आहेत. संवादात त्याचा उल्लेख नाही. दसऱ्याला आपण ट्रकच्या याच जागी झेंडूचा हार बांधतो, आंब्याची डहाळी खोचतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ज्या यंत्रावर पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत ही आपली रीत, आणि कदाचित म्हणूनच झेंडूऐवजी नंबरप्लेटांची माळ घातलेले ते तोंड आपल्याला अधिक अभद्र वाटते. मोटारीबद्दल मात्र दिग्दर्शकाचा एकच आग्रह होता, ती लाल हवी. रंग उडालेल्या त्या तपकिरी मुलखात ठिपक्यासारखी ती दिसत राहिली पाहिजे. म्हणून प्लिमथ व्हॅलियंट, लाल.

माणसांची निवडही तितकीच नेमकी. मॅनच्या भूमिकेत डेनिस विव्हर आले, ‘गनस्मोक’मुळे घरोघरी ठाऊक असलेले. पण स्पीलबर्ग यांच्या डोळ्यांसमोर होती त्यांची एक छोटी, जुनी भूमिका. ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये विव्हर यांनी मोटेलवरचा एक घाबरट, गडबडलेला रात्रपाळीचा माणूस केला होता. तेरा वर्षांपूर्वीची चार-दोन दृश्ये कुणा पोरवयातल्या प्रेक्षकाने जपून ठेवावीत आणि पुढे तोच प्रेक्षक आपल्याला मुख्य भूमिका देण्यासाठी शोधत यावा, हे नटाच्या आयुष्यात घडते, पण क्वचित. टँकर चालवला कॅरी लॉफ्टिन यांनी, ‘बुलिट’च्या गाजलेल्या पाठलागातला मुरलेला हात. सबंध चित्रपटात ज्याचे तोंड दिसत नाही असा खलनायक त्यांनी नुसत्या गिअर आणि ब्रेकच्या भाषेत उभा केला. विव्हर यांच्याइतकेच श्रेय त्यांचे आहे, असे आपले प्रामाणिक मत.

शेवटाबद्दल वाद झाला. टँकर कड्यावरून खाली जातो, आणि टँकरवर तर ठळक अक्षरांत ज्वालाग्राही असे लिहिलेले! तेव्हा स्फोट हवा, आगीचा लोळ हवा, असे वाहिनीचे म्हणणे. स्पीलबर्ग ऐकेनात, एक्स्टाइन त्यांच्या पाठीशी राहिले. ट्रक एकच, त्यामुळे प्रयत्नही एकच. लॉफ्टिन यांनी तो कड्याच्या दिशेने नेला, अखेरच्या क्षणी उडी घेतली, आणि खाली वेगवेगळ्या जागी लावलेल्या कॅमेऱ्यांपुढे तो अजस्र देह सावकाश, धुळीच्या पडद्यातून कोसळत गेला. आग नाही. फक्त पत्रा वाकत असल्याचा आवाज आणि त्यात मिसळलेली एक विचित्र, प्राचीन डरकाळी. ती एका जुन्या चित्रपटातल्या प्रागैतिहासिक प्राण्याची होती. चार वर्षांनी ‘जॉज’मध्ये मेलेला शार्क समुद्राच्या तळाकडे जाऊ लागतो तेव्हा स्पीलबर्ग यांनी तीच डरकाळी पुन्हा वापरली. पहिल्या चित्रपटाचे ऋण दुसऱ्याच्या शेवटी असे फेडले गेले. ध्वनिसंकलनाचे एमी पारितोषिक ‘ड्युएल’ला मिळाले हे इथे सांगायला हवे, कारण पडद्यामागच्यांतही सर्वांत मागे बसणारे असतात ते आवाजाचे लोक.

आणि मग जे एका शनिवारपुरते होते ते एका शनिवारपुरते राहिले नाही. युरोपातल्या चित्रपटगृहांसाठी युनिव्हर्सलने तो मागितला, पण ७४ मिनिटे तिथे अपुरी. पुन्हा चित्रण झाले, नवा ट्रक आणावा लागला, कारण पहिला दरीत. शाळेची बस, रेल्वेचे फाटक, बायकोला केलेला फोन आणि सुरुवातीला गाडी घराच्या अंधाऱ्या गॅरेजमधून बाहेर पडते तो प्रवास, ही भर तेव्हाची. चित्रपट ९० मिनिटांचा झाला. १९७३ साली फ्रान्समधल्या अव्होरियाझच्या महोत्सवात त्याने पहिले पारितोषिक मिळवले. यातली रेल्वे फाटकाची भर चांगली, फोनची अनावश्यक. बायकोशी झालेले भांडण कळल्याने मॅन अधिक कळतो असे काही होत नाही. पडद्याचा आकार बदलल्याने एक गंमतही झाली. दूरचित्रवाणीच्या चौकोनात जे लपले होते ते रुंद पडद्यावर उघडे पडले, आणि फोनच्या खोलीच्या काचेत खुद्द दिग्दर्शकाचे प्रतिबिंब दिसते, गाडीच्या मागच्या आसनावरही तो सापडतो, असे डोळस प्रेक्षकांनी टिपले. आपल्याला या चुका प्रिय आहेत. गौरीपुढच्या आराशीत मागची दोरी दिसली म्हणून सजावट खोटी ठरत नाही. कुणीतरी रात्रभर जागून ती बांधली, एवढेच त्यातून कळते.

त्याच स्टुडिओने पुढे १९७८ मध्ये ‘द इनक्रेडिबल हल्क’ मालिकेच्या एका भागात ‘ड्युएल’मधल्या पाठलागांचे तुकडेच्या तुकडे बिनदिक्कत वापरले. स्पीलबर्ग यांना ते रुचले नाही, आणि का रुचावे? पण कागदोपत्री चूक कुणाचीच नव्हती. चित्रपट स्टुडिओच्या मालकीचा, करणाऱ्याच्या नव्हे. आपल्याकडेही शिंपी, सुतार, मुद्रितशोधक, पार्श्वसंगीतातला सतारवादक यांचे असेच असते. वस्तू हातून गेली की तिच्यावर आपला हक्क उरत नाही, आणि तरी ती नीट करण्याचे दायित्व मात्र आपलेच असते. हा व्यवहार तोट्याचा आहे खरा. पण दर वर्षी नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिताना तोच तोटा आपण मुकाट्याने पुन्हा पत्करतो आणि कामाला लागतो.

विव्हर यांचे पुढचे आयुष्य फारसे कुणी सांगत नाही, ते आपण सांगू. पर्यावरणाच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले आणि कोलोरॅडोतल्या रिजवे इथे एक घर बांधले. ते मातीचे होते, आणि त्याच्या भिंतींत भरले होते टाकून दिलेले डबे आणि टाकून दिलेले टायर. ज्या माणसाला साऱ्या जगाने टायरांखाली येता येता वाचताना पाहिले, तो उतारवयात टायरांच्याच भिंतींच्या आत ऊबदार राहत होता. २००६ साली ते गेले, २०१३ साली मॅथेसन गेले. लॉफ्टिन तर त्याआधीच, १९९७ मध्ये. टँकरला तर कड्यावरून कोसळला त्याच दिवशी मूठमाती मिळाली होती. उरले ते दिग्दर्शक. आपण काय केले होते याची आठवण राहावी म्हणून तो चित्रपट आपण वर्षातून दोनदा तरी पाहतो, असे त्यांनी विव्हर यांना सांगितल्याचे म्हणतात. इतक्या मोठ्या माणसाने इतक्या जुन्या कामाकडे पाहण्याचा एक नेम ठेवावा, याचे आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याही घरी पोथी वर्षातून एकदा काढली जाते, पुसली जाते, पाठ असूनही पुन्हा वाचली जाते.

तर या तेराव्या तारखेला, रात्रीची जेवणे आटोपली की, ज्यांना शक्य आहे त्यांनी तो ७४ मिनिटांचा प्रवास पुन्हा करावा. मुलांनाही बसवावे, फार रक्त नाही त्यात. स्फोटाची वाट पाहणारी मुले शेवटी थोडी हिरमुसतील. दरीत धूळ खाली बसते, उलट्या पडलेल्या यंत्राचे एखादे चाक अजून फिरत असते, कुठूनसे काळे तेल थेंब थेंब ठिबकते. वर कड्याच्या काठावर तो विक्री प्रतिनिधी नाचतो, हसतो, रडतो, आणि मग दमून बसतो. सूर्य मावळतीला आलेला असतो, आकाश त्याच्या मोटारीच्या रंगाचे झालेले असते. घरी जायला आता त्याच्याकडे गाडी नाही. तो शेजारचा एक खडा उचलतो आणि दरीत टाकतो. मग दुसरा उचलतो.